पहिला अर्धा तास
(‘क्वीन’च्या १९७० ते १९७५ या काळातल्या दौऱ्यांवरील पुस्तकाची प्रस्तावना)

१९७४ साली मॉट द हूपल या इंग्लिश रॉक बँडची ‘लाइव्ह’ नावाची रेकॉर्ड निघाली. तिच्यातलं वादन दोन ठिकाणचं आहे : डिसेंबर १९७३ मधलं लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनचं आणि मे १९७४ मधलं न्यूयॉर्कच्या युरिस थिएटरचं. या दोन्ही ठिकाणी मॉट द हूपल रंगमंचावर येण्याआधी चार तरुण वाजवून गेले होते. रेकॉर्डवर त्यांचा एक सूरही नाही. तो असणारही नव्हता. रेकॉर्ड त्यांची नव्हती आणि लोकांनी तिकिटंही त्यांच्यासाठी काढलेली नव्हती. लोक अजून खुर्च्या शोधत असताना, दिवे पुरते मंदावायच्या आत या चौघांना आपलं सगळं सांगून मोकळं व्हावं लागे.

त्या चौघांच्या बँडचं नाव क्वीन. हे पुस्तक त्यांच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाविषयी आहे. जून १९७० मधल्या पहिल्या कार्यक्रमापासून मे १९७५ मध्ये टोकियोत संपलेल्या जपान दौऱ्यापर्यंतची पाच वर्षं इथे आहेत.

आपल्याकडे क्वीन पोचलं ते उलट्या क्रमाने. आधी कानांवर पडली ‘वी विल रॉक यू’ची दोन पावलं आणि एक टाळी. मग ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. मग १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मधली वीस मिनिटं. आणि २०१८ मध्ये त्यांच्यावरचा चित्रपट. त्या चित्रपटाने नव्या पिढीला बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ओळख करून दिली, हे ऋण मोठंच आहे. पण सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास त्याने सोयीने जुळवून घेतला. पडद्यावर पहिल्याच कार्यक्रमात जॉन डीकन बास गिटार घेऊन उभा दिसतो. प्रत्यक्षात तो बँडमध्ये आला १९७१ मध्ये, आणि त्याच्याआधी तीन बासवादक येऊन गेले होते. पडद्यावर पहिल्या अमेरिका दौऱ्यात जे गाणं वाजतं, ते १९७८ चं आहे. चित्रपटाला अशी मोकळीक असते. अडचण एवढीच की त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात पक्कं बसतं, की हा बँड पहिल्या दिवशी तयार होऊनच रंगमंचावर चढला. खरी गोष्ट त्याहून कष्टाची आहे, आणि म्हणूनच अधिक सुंदर आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या सातारा जिल्ह्यातून जातो. फ्रेडीचं मूळ नाव फारुख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधल्या एका पारशी कुटुंबात. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तो पियानो शिकला तो तिथे, ‘फ्रेडी’ हे नाव मिळालं तेही तिथेच, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या पाच मुलांच्या बँडमध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसला तोही याच शाळेत. त्या बँडचा मुख्य गायक मात्र तो नव्हता. तो पियानोवर असे. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. क्वीन पाचगणीत घडलं असं म्हणण्याचा मोह आपल्याला होतो, पण ते खरं नाही. पाचगणीने त्याला सूर आणि पहिले श्रोते दिले. बँड घडला तो इंग्लंडच्या टाउन हॉलांमध्ये, विद्यापीठांच्या कँटीनांमध्ये आणि जुन्या सिनेमाघरांमध्ये.

मला या पुस्तकातून एकच गोष्ट सांगायची आहे. क्वीनची ओळख स्टुडिओत घडलेला बँड अशी झाली. आवाजावर आवाज चढवून, एका गळ्याचे वीस गळे करून त्यांनी रेकॉर्ड केल्या, आणि त्या इतक्या रेखीव होत्या की त्यांचं रंगमंचावरचं शिक्षण झाकलं गेलं. पण या पाच वर्षांच्या कार्यक्रमांची जुनी ध्वनिमुद्रणं तारखांच्या क्रमाने ऐकली की दिसतं ते वेगळं : स्टुडिओत जे पूर्ण झालं, त्यातलं पुष्कळसं आधी लोकांसमोर सापडलेलं होतं. मराठीत नाटकाच्या खेळाला ‘प्रयोग’ म्हणतात. क्वीनच्या या कार्यक्रमांना मला याहून नेमका शब्द सापडला नाही, म्हणून पुस्तकभर तोच वापरला आहे.

पहिला प्रयोग २७ जून १९७० रोजी कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावच्या सिटी हॉलमध्ये झाला. रेड क्रॉसच्या मदतीसाठीचा कार्यक्रम. ठरवला होता ड्रमर रॉजर टेलरच्या आईने. जाहिरातीत नाव होतं ‘स्माइल’, म्हणजे गिटारवादक ब्रायन मे आणि रॉजर यांच्या मोडलेल्या जुन्या बँडचं. पुढच्याच महिन्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते क्वीन या नावाने वाजवू लागले. ब्रायन तिथे भौतिकशास्त्र शिकत होता. रॉजर दंतवैद्यकाकडून जीवशास्त्राकडे वळला होता. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं होतं. बँडचं सिंहांचं बोधचिन्ह त्याच्याच हातचं. जॉन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी होता आणि बिघडलेला अँप्लिफायर उघडून नीट करणं हे त्याच्याकडे आपोआप आलं. १९७१ च्या उन्हाळ्यात हे चौघे कॉर्नवॉलच्या गावोगावच्या हॉलांमध्ये हिंडले. तिथे ओळख होती ती रॉजरची, म्हणून जाहिरातींतही मान त्याच्या नावाला असे.

तेव्हा ते स्वतःच्या गाण्यांबरोबर ‘जेलहाउस रॉक’सारखी जुनी गाणी आणि ‘बिग स्पेंडर’सारखं संगीतिकेतलं गाणंही वाजवत. अवघड, लांबलचक गाणी ऐकून लोक थकले की ओळखीचं गाणं काढायचं, आणि तेही असं काढायचं की रॉक ऐकायला आलेला माणूस दचकून हसेल. श्रोत्याला धरून ठेवण्याची ही पहिली युक्ती. फ्रेडीचा अर्धा माइक स्टँडही याच काळातला. स्टँड मधूनच तुटला, खालचा जड पाया जमिनीवर राहिला, वरची काठी हातात राहिली, आणि त्याने ती टाकून दिली नाही. पुढे वर्षानुवर्षं त्या काठीचा भाला झाला, गिटार झाली, राजदंड झाला.

मग जवळपास थांबल्यासारखा काळ येतो. १९७२ मध्ये त्यांचे प्रयोग अगदी मोजके झाले. छोट्या क्लबांमध्ये रोज वाजवत झिजायचं नाही, तयारी पुरी करून मोठ्या रंगमंचावरच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ट्रायडंट स्टुडिओशी करार झाला. दुसऱ्या कलाकारांची कामं संपल्यावर स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळात, बरेचदा रात्री-पहाटे, पहिली रेकॉर्ड तयार झाली. ती बाजारात यायला १३ जुलै १९७३ उजाडावा लागला. त्याआधी आलेलं ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ हे गाणं खपाच्या यादीत आलंही नाही. अशा वेळी त्यांना मॉट द हूपलच्या दौऱ्यावर आधी वाजवायचं काम मिळालं. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी लीड्सच्या टाउन हॉलमध्ये हा दौरा सुरू झाला.

आधी वाजवणाऱ्या बँडची स्थिती काय असते, हे वाचकाने डोळ्यांसमोर आणावं. दुपारी मुख्य बँडचा साउंड चेक होतो आणि उरलेली वेळ असली तर याला मिळते. रंगमंचाचा मोठा भाग मुख्य बँडच्या सामानाने व्यापलेला असतो. यांचे ड्रम त्याच्या पुढे, पडद्याजवळ मांडायचे. दिवे किती वापरायचे ते दुसरा ठरवणार. लोक येत असतात, बोलत असतात, दाराशी घुटमळत असतात. या सगळ्यावर मात करायची तर पहिल्या मिनिटालाच लक्ष ओढून घ्यावं लागतं. म्हणून क्वीनचा प्रयोग अंधारात सुरू व्हायचा. ब्रायनच्या गिटारच्या अनेक थरांनी बांधलेली ‘प्रोसेशन’ ही मिरवणुकीची धून टेपवरून वाजायची, आणि ती संपता संपता बँड तुटून पडायचा. हीच धून नंतर मार्च १९७४ च्या दुसऱ्या रेकॉर्डची सुरुवात झाली. रंगमंचावरची गरज आधी आणि रेकॉर्ड नंतर, हा क्रम इथे स्वच्छ दिसतो.

याहून मोठा पुरावा ब्रायनच्या गिटारवादनात आहे. तिथे थोडं जवळ जाऊन पाहू.

त्याची गिटार त्याने आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी १९६३ पासून घरीच बनवलेली. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. तारा छेडायला तो प्लॅस्टिकचा तुकडा न वापरता सहा पेन्सचं नाणं वापरतो. नाण्याच्या कडेवरच्या खाचा तारेवर घासतात आणि सुराच्या तोंडाशी एक बारीक खरखर येते. ही गिटार तो एकोप्लेक्स नावाच्या यंत्रातून वाजवू लागला. या यंत्रात टेपचं एक वेटोळं सतत फिरत असतं. वाजलेला सूर टेपवर उमटतो आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या हेडपाशी पोचला की परत ऐकू येतो. हेडांमधलं अंतर वाढवलं की सूर उशिरा परत येतो. ब्रायनने यंत्र उघडून ते अंतर मूळ मर्यादेपलीकडे लांबवलं, आणि परतणारा सूर वेगळ्या अँप्लिफायरमधून काढला. आता तो एक ओळ वाजवायचा, थांबायचा, ती ओळ रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूने परत यायची, आणि तिच्या अंगावर तो तिला जुळणारी दुसरी ओळ ठेवायचा. पुढे दुसरं यंत्र आलं आणि एका माणसाचे तीन वादक झाले. हात जरा जरी लवकर पडला तरी सगळा डोलारा कोसळणार, आणि दुरुस्तीला जागा नाही.

१९७३ मध्ये हे वादन ‘सन अँड डॉटर’ या गाण्याच्या पोटात होतं. बीबीसीने त्या वर्षी केलेल्या ध्वनिमुद्रणांत ते वाढताना ऐकू येतं. गाणं बाजूला राहतं आणि मधलं वादन फुगत जातं. १९७४ च्या शेवटी निघालेल्या ‘शीअर हार्ट अटॅक’ या तिसऱ्या रेकॉर्डवर ते ‘ब्रायटन रॉक’ या नव्या गाण्यात बसलं. स्टुडिओत हवे तेवढे थर चढवता येत असताना ब्रायनने तिथेही रंगमंचावरची हीच रीत ठेवली. नंतरच्या दौऱ्यांत ते पुन्हा मोठं होत गेलं. एकच कल्पना रंगमंचावरून रेकॉर्डवर आणि रेकॉर्डवरून परत रंगमंचावर कशी ये-जा करते, हे या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तारखांनिशी मांडलं आहे.

१९७४ हे वर्ष या गोष्टीचा गाभा आहे, आणि ते सुखाचं नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या सनबरी महोत्सवात ते गेले, तेव्हा लस टोचलेला ब्रायनचा हात चिघळला होता आणि फ्रेडीच्या कानाला संसर्ग झाला होता. दिव्यांचा परिणाम साधावा म्हणून ते अंधार पडायची वाट पाहत राहिले आणि जमलेल्या लोकांनी हुर्यो उडवली. परतल्यावर २१ फेब्रुवारीला ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात डेव्हिड बोवीची चित्रफीत येणार नव्हती म्हणून त्यांना ऐनवेळी जागा मिळाली, आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं ठरलं. १ मार्चला ब्लॅकपूलमधून त्यांचा स्वतःचा, स्वतःच्या नावाचा पहिला दौरा निघाला. झँड्रा ऱ्होड्स यांनी शिवलेले पांढरे, चुण्यांचे, पंखांसारख्या बाह्यांचे कपडे याच वर्षीचे. १६ मार्चला स्टर्लिंग विद्यापीठात पुन्हा पुन्हा वाजवूनही लोक हटेनात, हाणामारी झाली, माणसं जखमी झाली, आणि बर्मिंगहॅमचा दुसऱ्या दिवशीचा प्रयोग पुढे ढकलावा लागला. ३१ मार्चला लंडनचं रेनबो थिएटर त्यांनी भरवलं.

या दौऱ्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बँड यायची वाट पाहताना लोक आपण होऊन ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे राष्ट्रगीत म्हणू लागले. बँडच्या नावावरचा तो प्रेमाचा खेळ होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रायनने त्या चालीचं गिटारवर अनेक थरांत ध्वनिमुद्रण केलं, आणि तेव्हापासून ती प्रयोगाची भैरवी झाली. क्वीनचा प्रयोग संपतो कसा, हे श्रोत्यांनी ठरवून दिलं. पुढे स्टेडियमभर लोकांना गायला लावणारा बँड म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांना लोक गातात हे आधी लोकांनीच दाखवलं होतं.

एप्रिलमध्ये मॉट द हूपलबरोबर अमेरिका. १६ एप्रिलला डेन्व्हरला सुरुवात झाली. मे महिन्यात ब्रॉडवेवरच्या युरिस थिएटरमधले प्रयोग संपले आणि ब्रायन काविळीने आडवा झाला. दौरा त्यांच्याविना पुढे गेला, हे मायदेशी परतले. त्यातून उठतो न उठतो तो त्याला आतड्याच्या व्रणाने गाठलं. बाकीच्या तिघांनी गिटारच्या जागा मोकळ्या ठेवून नवी रेकॉर्ड सुरू केली आणि ब्रायनने बरा होऊन त्या भरल्या. आजारपणात, हुकलेल्या दौऱ्याच्या आठवणीत त्याने ‘नाऊ आय अॅम हिअर’ लिहिलं. ज्या बँडच्या आधी ते वाजवत होते त्याचं नाव त्या गाण्यात कृतज्ञतेने आलं आहे. ३० ऑक्टोबरला मँचेस्टरहून निघालेल्या पुढच्या दौऱ्यात हे गाणं असं सादर व्हायचं : काळोखात एका बाजूला प्रकाशाचा झोत, त्यात फ्रेडी; झोत विझतो; क्षणात दुसऱ्या टोकाला झोत, तिथेही फ्रेडी. दुसरा अर्थातच त्याच्यासारखे कपडे घातलेला सहकारी. साधीच जादू, पण वर्षभरापूर्वी ज्यांना स्वतःचे दिवेही पुरते मिळत नव्हते, त्यांनी आता प्रकाशालाच गाण्यात कामाला लावलं होतं.

समीक्षक मात्र याच काळात त्यांच्यावर तुटून पडत होते. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांचा सूर असा, की हा बँड जाहिरातीने फुगवलेला आहे, रस्त्यावरची मेहनत याने केलेलीच नाही. क्लबांमधून झिजायचं नाही हा त्यांचा निर्णय या आरोपाच्या मुळाशी होता, हे मान्य करायला हवं. पण व्हॅनमधल्या रात्री, कावीळ, सनबरीची हुर्यो, स्टर्लिंगचा गोंधळ पाहिल्यावर हा आरोप टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी मेहनत टाळली नाही. ती थोड्या वर्षांत दाटीने केली, आणि त्याची किंमत शरीराने मोजली. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते अमेरिकेत स्वतःच्या नावाने गेले तेव्हा फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि काही प्रयोग रद्द करावे लागले. ‘किलर क्वीन’ हे त्यांचं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही देशांत गाजत होतं, तरी ट्रायडंटच्या करारामुळे हातात आठवड्याचा ठरावीक पगारच पडत होता.

आणि मग जपान. एप्रिल १९७५ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर सुमारे तीन हजार लोक त्यांची वाट पाहत उभे होते. १९ एप्रिलला बुदोकानमध्ये, जिथे १९६४ च्या ऑलिंपिकची जूडो झाली होती त्या सभागृहात, पहिला प्रयोग झाला. १ मे रोजी तिथेच शेवटचा. घरी समीक्षक नाकारत होते, खिसा रिकामा होता, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक त्यांच्या नावाने रडत होते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ यायला अजून सहा महिने होते. हे पुस्तक मी मुद्दाम तिथे थांबवलं आहे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

क्वीनचा प्रयोग भारतात कधी झाला नाही. पाचगणीच्या त्या विद्यार्थ्याला आपण रंगमंचावर पाहिलं नाही, ते नाही. पण रेनबो थिएटरमधले मार्च आणि नोव्हेंबर १९७४ चे प्रयोग २०१४ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आहेत. वाचकांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक हाती घेण्याआधी ते दोन्ही ऐका. आधी मार्च, मग नोव्हेंबर. मध्ये साडेसात महिने आहेत, आणि त्यांत एक कावीळ, एक व्रण आणि एक नवी रेकॉर्ड आहे. मार्चमध्ये बँड लोकांना जिंकायला धावतो. नोव्हेंबरमध्ये तो मध्येच थांबतो, श्वास घेतो आणि शांततेलाही वाजू देतो. हा फरक कानांनी टिपलात तर पुढची प्रकरणं तुम्हाला सोपी जातील.

आणखी एक मागणं. पुणे असो, मुंबई असो, पणजी असो की शिलाँग, तुमच्या गावात कुठेतरी आज संध्याकाळी मुख्य कलाकाराच्या आधी कुणीतरी वाजवणार आहे. त्याचं नाव तिकिटावर बारीक अक्षरांत असेल, कदाचित नसेलही. त्या पहिल्या अर्ध्या तासाला वेळेवर जा आणि बोलणं थांबवून ऐका.